बारा नंबरची बाई

ब्लूमफाँटेन
सोमवार, ४ जून २०१२

प्रोफेसर मोलेफी सेहलोहो यांस,

पाकिटावर तुमच्या सगळ्या पदव्या लिहिल्या आहेत, म्हणजे तुमची सेक्रेटरी ते कचऱ्यात टाकणार नाही. ईमेल तीच वाचते, फोन तीच उचलते. म्हणून कागदावर लिहिते आहे आणि कुरियरने पाठवते आहे. वाकड्या करंगळीचं अक्षर ओळखाल. ती करंगळी ज्या दारात सापडली ते दार कोणी आपटलं होतं, हेही आठवत असेल. चार वर्षांनी लिहिते आहे, पण ख्यालीखुशाली विचारायला नाही.

आई उठत नाही. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या पायरीवर पडली आणि उजव्या खुब्यात कृत्रिम सांधा बसवला, तेव्हा तुम्ही फुलं पाठवली होती. फुलांनी सांधा टिकत नाही असं दिसतं. मार्चपासून दुखतोय, मधूनमधून ताप येतो, संडासाला जायचं तर मला धरून न्यावं लागतं. सांधा नुसता सैल झालाय की आत पू झालाय, एवढा एकच प्रश्न आहे. रक्त तपासलं, पण तिला संधिवात असल्यामुळे त्यावरून काही ठरेना. सुई घालून पाणी काढायला गेले तर काही निघालं नाही. मग आमच्या हॉस्पिटलचे मुख्य सर्जन डॉ. स्ट्राइडम यांनी आमच्या विभागात पाठवलं, उंदराच्या इंजेक्शनसाठी.

आठवण करून देते, कारण हल्ली तुम्ही भाषणंच देता. उंदराच्या पेशींपासून बनवलेली अँटीबॉडी घ्यायची, तिला टेक्निशियमचा किरणोत्सारी ठिपका चिकटवायचा आणि शिरेतून द्यायची. ती माणसाच्या पांढऱ्या पेशींना बिलगते. पांढऱ्या पेशी जिथे पू तिथे धावतात, आणि कॅमेऱ्याला ती जागा उजळलेली दिसते. आईचा खुबा उजळला नाही. स्ट्राइडम खूश झाले. सांधा नुसता सैल आहे म्हणाले, आणि बुधवार, २० जूनची तारीख दिली. जुना काढायचा आणि त्याच बैठकीत नवा बसवायचा.

चित्राची प्रत सोबत जोडली आहे. पाहा. खुबा सोड, हाडांतली मज्जा बघ. धडधाकट माणसाची मज्जाही या इंजेक्शनने उजळते. आईची काळी आहे, आणि यकृत भट्टीसारखं पेटलंय. हे कधी होतं ते तुला ठाऊक आहे, अबुती. (बघ, थोरल्या भावाला ‘तुम्ही’ म्हणायचं ठरवलं होतं, तीन परिच्छेदांत दम संपला.) शरीराची उंदराशी आधी गाठ पडली असली, तर काहींच्या बाबतीत ते दुसऱ्या वेळी त्याला ओळखतं, वाटेतच पकडतं आणि यकृतात नेऊन कोंडतं. मग खुब्यात पुवाचा डोह असला तरी चित्र स्वच्छच येतं. म्हणून आम्ही प्रत्येकाला फॉर्मवरचा सातवा प्रश्न विचारतो: हे इंजेक्शन पूर्वी कधी घेतलंय का? आईच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंय.

ऑगस्ट २००८. तुझ्या अभ्यासाला बारा निरोगी स्वयंसेवक हवे होते, वय साठच्या आत. अकरा मिळाले होते आणि तुझी मुदत संपत आली होती. बारा नंबरची बाई कोण होती? सत्तर वर्षांच्या आईला तू अठ्ठावन्नची केलंस का? मला हे कसं कळलं ते विचारू नकोस. तुझे कागद तू जाताना केपटाउनला घेऊन गेलास, म्हणून तुझ्याकडूनच लेखी हवं. मजकूर मीच देते, तुला श्रम नकोत:

‘१४ ऑगस्ट २००८ रोजी मी माझ्या आईला हे इंजेक्शन दिलं. तिचं वय खोटं नोंदवलं. याची कल्पना विभागातल्या दुसऱ्या कोणालाही नव्हती.’

खाली सही. शेवटचं वाक्य गाळू नकोस.

पुवात नवा सांधा बसवला तर काय होतं ते मी तुला सांगायला नको. पाय मांडीपासून जाईल, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते पायावर थांबेल असंही नाही. वीस तारखेच्या आत उत्तर दे.

मामेलो सेहलोहो
तंत्रज्ञ, अणुवैद्यक विभाग
(तू ज्यांना ‘आमच्या मुली’ म्हणायचास, त्यांतली एक)


शनिवार, ९ जून

अबुती,

उत्तर आलं. तुझं नाही, तुझ्या सेक्रेटरीचं. ‘प्रोफेसर परिषदेसाठी व्हिएन्नाला गेले आहेत. आपला विषय त्यांच्या नजरेस आणून दिला जाईल.’ आपला विषय! तिला म्हणावं, विषय नव्हे, प्रोफेसरांची आई आहे ती. अख्खी गल्ली तिला मामोलेफी म्हणते. मोलेफीची आई. मलाही तिनेच जन्म दिला आणि गेली चार वर्षं तिचा डबा, गोळ्या आणि आता भांडंही मीच उचलते, पण पहिल्या मुलाचं नाव एकदा आईला चिकटलं की चिकटलं. बँकेतला शिपाईसुद्धा विचारतो, ‘मामोलेफी बऱ्या आहेत ना?’

काल तिला मोतोहोची आंबट पेज देत होते. तुझा फोटो टीव्हीवर ठेवलेला आहे, तोच तो, गळ्यात पदक आणि चेहऱ्यावर आपण पदक मागितलंच नव्हतं असा भाव.

“मोलेफी बारीक झाला असेल,” ती म्हणाली.

“बातम्यांत आला तेव्हा कोटाचं बटण लागत नव्हतं त्याच्या.”

“ते बाहेरच्या खाण्याने सुजल्यासारखं होतं. तू त्याला लिहिलंस ना? काय लिहिलंस?”

“लिहिलं, की तुझी आई अंथरुणात आहे.”

“असं कशाला लिहायचं गं? परदेशात जायचं असतं त्याला, उगाच जीवाला घोर.”

आपला तो बाब्या.

तू जाण्याआधीचं आठवतं मला. सहा महिने दर सोमवारी पहाटे मी ‘गायी’पाशी. आम्ही अजूनही त्या शिशाच्या भांड्याला गाय म्हणतो. सोमवारी ताजी येते, भरपूर टेक्निशियम देते, शुक्रवारी आटते. तुझ्या बाराही माणसांचे डोस मी दोहले, मी मोजले, मी ठिपका लावला. तू म्हणाला होतास, ‘मामेलो, निबंधावर तुझं नाव तिसरं.’ निबंध छापून आला तेव्हा आठ नावं होती. एक तर अशा माणसाचं, जो विभागात फक्त चहा प्यायला यायचा. माझं नव्हतं. शेवटी बारीक अक्षरांत ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’, तेही नाव न घेता. गाय मी दोहली, लोणी तू खाल्लंस, आणि ताकाच्या भांड्यावरही माझं नाव घातलं नाहीस.

पण ते जाऊ दे. मी त्यासाठी लिहीत नाहीये. अकरा दिवस उरलेत. तीन वाक्यं लिहायला व्हिएन्नात कागद मिळत नाही का?

मामेलो


गुरुवार, १४ जून

अबुती,

व्हिएन्नाहून परतलास वाटतं, आज तुझ्या हातचं पत्र आलं. माझ्यासाठीच नाही, तर तुझ्यासाठीही उतरवून ठेवते, म्हणजे काय लिहिलंयस ते तुला पुन्हा वाचता येईल:

‘मामेलो, पहिली दोन वाक्यं लिहिण्याआधी मला वकिलाशी बोलावं लागेल. तिसरं मी लिहू शकत नाही, कारण ते खरं नाही आणि हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. आईला सांभाळ.’

वा! सत्तरचे अठ्ठावन्न करताना सत्य कुठे चरायला गेलं होतं? आणि आता तीन वाक्यांतलं नेमकं एकच वाक्य खरं नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतं, आणि तेही मला वाचवणारं. आईला सांभाळ म्हणे. करून सवरून नामानिराळा राहायची विद्या तू कुठल्या विद्यापीठात शिकलास? तिथे माझ्यासाठी जागा आहे का विचारून ठेव.

आज गुरुवार, बायकांच्या प्रार्थनेचा दिवस. आईला चर्चला जाता येत नाही म्हणून सातजणी घरी आल्या, लाल ब्लाउज, काळा परकर, पांढऱ्या टोप्या. पलंगाभोवती उभ्या राहून तासभर गायल्या. तापात आई बसून होती, टोपी घालून. त्या गेल्यावर मी तिची टोपी काढली आणि सरळ विचारलं.

“आई, मोलेफीने तुला कधी हॉस्पिटलात सुई दिली होती? चार वर्षांपूर्वी, अशाच एका गुरुवारी?”

तिने टोपीची घडी घातली.

“दिली होती,” ती म्हणाली. “हाडांचा फोटो काढायचा म्हणाला. माझ्यासारखी धडधाकट बाई त्याला सापडत नव्हती. किती आनंदात होता तो त्या दिवशी!”

“आणि मागे मी फॉर्म भरताना विचारलं, तेव्हा तू नाही का म्हणालीस?”

त्यावर ती जे बोलली, ते तुझ्या कामाचं नाही.

तर आता आईचाच जबाब आहे. पण तापातल्या म्हाताऱ्या बाईचं आणि तंत्रज्ञ मुलीचं कोण ऐकतं? तू लिही. हवं तर तिसरं वाक्य गाळ. ऐकलंस ना, मी म्हणते आहे गाळ. मात्र विभागातल्या कोणाचं नाव घेऊ नकोस.

मामेलो


मंगळवार, १९ जून

मोलेफी,

अबुती म्हणणं आजपासून बंद.

सकाळी स्ट्राइडमनी मला बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं, विद्यापीठाच्या कागदावर. माझ्या पत्राबरोबरचं चित्र तू वापरलंस. माझ्यासाठी एक ओळ लिहायला तुला वकील लागतो, आणि त्यांना पानभर लिहिलंस.

“तुझा भाऊ म्हणजे कमाल आहे,” स्ट्राइडम म्हणाले. “केपटाउनला बसून नुसत्या चित्रावरून! लिहितात, मज्जा दिसत नाही, यकृतात सगळं साठलंय, तेव्हा रुग्णाला उंदराची अँटीबॉडी पूर्वी मिळाली असण्याची शक्यता तपासावी. आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही बघ.”

कोणाच्याच नाही! तुझी निर्लज्जपणाची पातळी मला माहीत होती, पण तिला तळ नाही हे आज कळलं. ज्याने सुई टोचली तोच दुरून बोट दाखवून म्हणतो, इथे कोणीतरी सुई टोचली असावी. आणि टाळ्याही त्यालाच. क्षणभर मला हसू आलं. मग वाटलं, जाऊ दे, आई तर वाचेल. तू पदक घे, मी नोकरी ठेवते, आईचा पाय राहतो. तुझ्याच जातीची आहे मी, सौदा पटकन कळतो.

पण स्ट्राइडमनी फाइलीतून फॉर्म काढला.

“इथे सातव्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलंय. सही तुझी. मामेलो, तू विचारलं होतंस ना?”

“विचारलं होतं.”

“आणि तुझी आई नाही म्हणाली?”

“हो.”

“मग प्रोफेसरांचा अंदाज चुकला. मोठी माणसंही चुकतात. उद्या सकाळी आठला तिला पाठव.”

त्यांनी तुझं पत्र फाइलीत घातलं आणि चष्मा काढला. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. तुझ्यासारखंच. तुझ्या पानभर पत्रातही एक वाक्य खोटं नाही. मी दारापर्यंत गेले, कडीला हात लावला, आणि त्या पत्राचा मला जेवढा तिटकारा आला होता तेवढाच स्वतःचा आला.

मग खाली गेले आणि २००८ची डोसांची वही घेऊन आले. जुन्या नोंदींच्या तळघरात वगैरे नव्हती ती. माझ्याच कपाटात होती, चार वर्षं, माझ्या जुन्या एप्रनखाली. चौदा ऑगस्टचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. स्वयंसेवक बारा, वय अठ्ठावन्न, डोस तयार करणारी: मामेलो सेहलोहो.

“ही बारा नंबरची बाई माझी आई आहे,” मी म्हटलं. “इंजेक्शन भावाने दिलं, भरून मी दिलं होतं.”

“तुला ठाऊक होतं कोणासाठी आहे ते?”

“हो.”

“आणि मागे फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंस?”

“ती नाही म्हणाली, मी लिहिलं. ‘हो’ लिहिलं असतं तर ही वही उघडावी लागली असती. वाटलं, चार वर्षं झालीत, शरीर विसरलं असेल.”

स्ट्राइडम स्वतःच्या मातृभाषेत काहीतरी पुटपुटले. चांगलं नसावं. मग म्हणाले, “उद्याचं ऑपरेशन रद्द. तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून त्यांना ठिपका लावायचा, उंदीर नको. ते इथे कोणाला येतं?”

“मला एकटीला.”

हे खरं आहे. उंदराचं इंजेक्शन पाच मिनिटांत तयार होतं म्हणून बाकीच्यांनी ते तीन तासांचं हातकाम शिकायचा कंटाळा केला.

“परवा, गुरुवारी कर,” स्ट्राइडम म्हणाले. “रुग्णाशी बोलायचं नाही, फॉर्म ती नवी मुलगी रेफिलवे भरेल. त्यानंतर चौकशी संपेपर्यंत विभागात पाय ठेवायचा नाही.”

तुझं नाव मी सांगितलं आहे. वकिलाला आता काम मिळेल.

मामेलो


बुधवार, २७ जून

मोलेफी,

आधी निकाल, म्हणजे तुला सेक्रेटरीकडून चौकशी करायला नको. गुरुवारी गायीने आठवड्याच्या मानाने बरं दूध दिलं. आईचं अर्धी वाटी रक्त घेतलं, पांढऱ्या पेशी निवडल्या, ठिपका लावला, परत तिच्या शिरेत सोडल्या. चार तासांनी खुबा उजळला, वरपासून मांडीतल्या दांड्यापर्यंत. पू होता. परवा सांधा काढला. आता सहा आठवडे औषध, मग नवा. पाय राहील असं स्ट्राइडम म्हणतात. माझ्याशी बोलले नाहीत, आईला सांगत होते तेव्हा मी कोपऱ्यात उभी होते.

आता आईचं ते बोलणं, जे मी तुझ्या कामाचं नाही म्हणाले होते. खरं तर ते तुझ्याच काय, माझ्याही कामाचं नव्हतं.

त्या दिवशी, २००८ला, मी शिशाच्या भिंतीमागे होते आणि तू पलीकडे. आई प्रार्थनेवरून तशीच आली होती, लाल ब्लाउजात. मला ती दिसत नव्हती, पण हलकं गुणगुणत होती. तिचा आवाज मी दहा भिंतींमागूनही ओळखेन. मी सुई भरली, हातमोज्यातला हात झरोक्यातून पुढे केला आणि सुई तुला दिली. गुणगुणणं थांबलं. तू म्हणालास, ‘झालं, आई.’ मी गप्प राहिले, कारण निबंधावर माझं नाव तिसरं येणार होतं. तुझी लाज काढायला मी चार वर्षं शब्द शोधतेय. माझी लाज केवढ्याला गेली ते तुला ठाऊक आहे. तिसऱ्या नावाला, आणि तेही आलं नाही.

चौदा तारखेला आईला विचारलं, ‘नाही का म्हणालीस?’ तर ती म्हणाली, “खिडकीतून तुझा हात आला होता ना त्या दिवशी. ती करंगळी मी मोज्यातही ओळखते. आणि मागे तू विचारलंस ते अशा आवाजात, की मला वाटलं, पोरीला ‘नाही’च हवंय.”

म्हणजे चार वर्षं तिला ठाऊक होतं, मोलेफी. आपण दोघं एकमेकांपासून लपवत बसलो, आणि ज्या बाईपासून लपवलं ती आपल्याला झाकत बसली. तुला पांघरूण घातलं, मला घातलं, आणि तिचा पाय सडला. तुला पत्र लिहून तुच्छतेने बोलायची मला हौस होती. अजून आहे, उतरलेली नाही. फक्त आता ती एका माणसात मावत नाही.

तू येणार असशील तर ये. नको येऊस म्हणणार नाही. तिचं तुझ्याशिवाय पान हलत नाही. पण येताना फुलं आणू नकोस, आणि डॉक्टरांपुढे तिच्या चित्रावर बोलू नकोस.

एक गोष्ट सांगून संपवते. गुरुवारी मी भिंतीमागेच होते, रुग्णाशी बोलायला मला मनाई होती. रेफिलवेने फॉर्म वाचायला घेतला. ती तीन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, एकेक प्रश्न शाळेतल्यासारखा वाचते. सातवा प्रश्न आला.

“मामोलेफी, उंदराचं इंजेक्शन पूर्वी कधी घेतलंय का?”

खुर्चीत वळून आईने झरोक्याकडे पाहिलं. ‘काय सांगू?’ असं विचारलं तिने, तोंडाने नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, अंगात ताप, आणि स्वतःच्या पायाबद्दल बोलायला ती माझी परवानगी मागत होती.

बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी मी म्हटलं, “आई, खरं सांग.”

“घेतलंय,” ती रेफिलवेला म्हणाली. “दोनदा. एकदा आत्ता, आणि एकदा चार वर्षांपूर्वी.”

“तेव्हाचं कोणी दिलं होतं?”

“माझ्या मुलांनी. दोघांनी मिळून.”

रेफिलवेने ते तसंच लिहून घेतलं.

मामेलो